रंग २५६, खिडक्या अनेक

संगणकाच्या तासाला कुठलं बटण दाबायचं ते आपण शिकवतो. असं का होतं, हे मात्र राहूनच जातं. एक उदाहरण बघा.

१९९० च्या दशकात विंडोजच्या अनेक संगणकांवर एका वेळी २५६ च रंग दिसत. कारण साधं, मेमरी महाग होती. ६४० × ४८० ठिपक्यांना प्रत्येकी एक बाइट दिला तर ३,०७,२०० बाइट लागतात, तीन दिले तर ९,२१,६००. आणि एका बाइटमध्ये २५६ च क्रमांक मावतात. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, याचा तक्ता असे. त्यातले २० रंग विंडोज स्वतःकडे राखी. उरलेल्या २३६ वर पहिला हक्क समोरच्या खिडकीचा. मागच्यांनी जवळचा मिळेल तो रंग घ्यायचा. म्हणून खिडकी बदलली की मागचं चित्र विचित्र दिसे. संगणक बिघडलेला नसे, फक्त वाटणी बदललेली असे.

हा धडा आजही वर्गात घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. दोन गटांना मिळून आठच रंगीत खडू द्या आणि वेगवेगळी चित्रं काढायला सांगा. आधी कोणी घ्यायचे, उरलेल्यांनी कसं भागवायचं, हे मुलांनाच ठरवू द्या. नियम का झाला हे ज्याला कळतं, तो नव्या यंत्राला घाबरत नाही. करून बघा!