कोणता समाज सर्वाधिक दान देतो? उत्तर शोधण्याआधी दसरा चौकातल्या बोर्डिंगांकडे बघा

व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी एक यादी फिरते. अमुक समाज उत्पन्नाच्या इतके टक्के दान देतो, तमुक समाज इतके, आणि 'आपण' मात्र सगळ्यात खाली. यादी कुणी केली, आकडे कुठून आणले, याचा पत्ता नसतो. खाली ठरलेली ओळ असते: 'समाजबांधवांनो, जागे व्हा.'

ही यादी खरी की खोटी, हा मुद्दा दुय्यम आहे. आधी विचारायचं ते हे, की दान मोजतात कसं? आणि मोजता आलं, तरी त्यातून कोण उदार आणि कोण कंजूस हे ठरतं का? ही चर्चा करायला कोल्हापूरसारखं गाव दुसरं नाही. कारण प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह उभं करायचं, हा प्रयोग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात झाला.

मोजमापात नेमकं काय सुटतं?

अशोका विद्यापीठाच्या एका केंद्राने २०२०-२१ मध्ये भारतीय कुटुंबांच्या दानाची पाहणी केली. त्या अंदाजानुसार देशातली कुटुंबं वर्षाला सुमारे २३,७०० कोटी रुपये दान देतात आणि त्यातले ७० टक्क्यांच्या आसपास धार्मिक संस्थांकडे जातात. सामाजिक संस्थांच्या वाट्याला त्यामानाने अगदी थोडं येतं. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातलं दान बहुतांश देवळात, मशिदीत, मठात, गुरुद्वारात, विहारात किंवा चर्चमध्ये पोहोचतं. पुढे त्याचं काय होतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

पावतीचाही एक घोळ आहे. आयकरात '८०जी'ची सवलत हवी तर नोंदणीकृत संस्थेची पावती लागते. दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही, वस्तूरूपातलं दान चालत नाही आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलतच नाही. आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी गेलं ५५ फूट ७ इंचांवर. त्या आठवड्यात गावोगावच्या बायकांनी थापलेल्या भाकऱ्या, तालमींनी गोळा केलेली चादरी-ब्लँकेटं, कुणी आपला ट्रॅक्टर डिझेलसकट लावला. यातलं काय ८०जीत बसतं? काहीच नाही. इंजिनीअरिंगला एक गोष्ट पक्की शिकवतात: सेन्सर जिथे लावला असेल, तिथलंच रीडिंग मिळतं. आपण दानाचा सेन्सर पावतीवर लावलाय.

अमेरिकेत वंशानुसार दानाची तुलना होते, तिथेही हीच अडचण येते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून शेजाऱ्याला होणारी मदत किंवा स्थलांतरिताने मायदेशी नातेवाइकांना पाठवलेले पैसे, अशा गोष्टी संस्थांच्या हिशेबात येतच नाहीत. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आजरा, चंदगड, भुदरगडच्या माणसाला विचारा. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढीने गावाच्या नावाने खोल्या घेतल्या, नवीन आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत तिथे जागा दिली, वर गावच्या शाळेला आणि देवळाला वर्गणी पाठवली. त्यांना 'दाते' असं कुणी म्हटलं नाही. त्यांनीही स्वतःला म्हटलं नसेल.

मग समाजासमाजांत फरक नाहीच का?

आहे, आणि तो खरा आहे. फक्त तो मनाच्या मोठेपणाचा नाही. देण्याकडे काय म्हणून बघायचं, याचा आहे.

मुस्लिम समाजात जकात ऐच्छिक नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर हाती राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के द्यायचाच. कुणाला द्यायचा त्याचे आठ गट ठरलेले आहेत. त्यामुळे देणारा उपकार करत नाही. गरिबाचा हक्क त्याच्याकडे अडकलेला असतो, तो मोकळा करतो. ईदच्या नमाजाआधीचा फितरा वेगळा आणि मनाने द्यायचा सदका त्याहून वेगळा.

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असं चार प्रकारचं दान. पण ते बऱ्याचदा चारचौघांत होतं. पंचकल्याणकाच्या मांडवात अभिषेकाच्या मानासाठी बोली लागते, आपल्या भागात 'सवाल' म्हणतात ते. बाहेरच्याला हा पैशाचा दिखावा वाटतो. मला त्यात एक व्यवहारी शहाणपण दिसतं: चारचौघांत बोललेला आकडा मागे घेता येत नाही.

लिंगायतांचा 'दासोह' याच्या उलट टोकाचा. कायकाने, म्हणजे कष्टाने मिळवायचं आणि दास होऊन समाजाला वाहायचं. तिथे 'मी दिलं' ही भावनाच दोष. कर्नाटकातल्या तुमकूरच्या सिद्धगंगा मठात सगळ्या जाती-धर्मांच्या हजारो मुलांची राहण्या-जेवणाची मोफत सोय याच कल्पनेतून झाली. शिखांचा दसवंध आणि लंगर त्याच्या जवळचा; नांदेडला जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको.

आणि १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांकडे काय मागितलं? उत्पन्नाचा विसावा हिस्सा. पाच टक्के. ज्यांच्याकडे त्या वेळी जमीन नव्हती, दुकान नव्हतं, अशा माणसांकडे ही मागणी होती. टक्क्यात मोजलं तर ती जकातीच्या दुप्पट. रुपयांत मोजलं तर कुठल्याच यादीत न दिसणारी.

दसरा चौकात काय घडलं होतं?

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात एक वसतिगृह काढलं. सर्व जातींसाठी खुलं. कागदावर उत्तम. पण काही वर्षांतच तिथे जवळपास ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. दार उघडं होतं. पण आत यायला लागणारी तयारी, माहिती आणि ओळख एकाच गटाकडे होती.

यातून महाराजांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक समाजाने आपलं बोर्डिंग काढावं; संस्थान जागा देईल, अनुदान देईल, उत्पन्नाची सोय लावून देईल; बाकीचं समाजाने उभं करावं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग. लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती... दोन दशकांत यादी इतकी लांबली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ उभं राहिलात तर त्यातली काही नावं आजही पाट्यांवर वाचता येतात. 'आपल्या माणसांसाठी' दिलेल्या दानाचा हा महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत यशस्वी प्रयोग.

पण या प्रयोगाला एक अट होती, आणि ती महाराजांनी ओळखली होती. समाजात चार व्यापारी, चार सावकार, दोन वकील असतील तर बोर्डिंगला वर्गणी जमते. ज्या समाजात एकही नाही, त्यांनी काय करायचं? म्हणून १९०८ च्या मिस क्लार्क बोर्डिंगचं महत्त्व वेगळं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीच्या या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचं नाव दिलं गेलं आणि त्यामागे संस्थानाचं पाठबळ उभं राहिलं. जिथे समाजाची थैली रिकामी होती, तिथे सरकारची उघडली गेली.

याच बोर्डिंगच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला कुंभोजचा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून आत ये म्हणून सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जाती-धर्मांची मुलं एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि खेडोपाडीच्या बायकांनी दळणातलं मूठमूठ धान्य बाजूला काढलं. त्या मुठीवर कुठल्याच जातीचं नाव नव्हतं.

आज याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की शहरभर फ्लेक्स लागतात: 'अमुक समाजातील गुणवंतांचा सत्कार'. ट्रॉफी, गुलाबपुष्प, काही ठिकाणी शिष्यवृत्तीचा चेक. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या समाजात डॉक्टर, बिल्डर, कारखानदार जास्त, त्याचा चेक मोठा आणि त्याच्या मुलांची निकड तुलनेने कमी. ज्या समाजात ऊसतोड, वीटभट्टी, भंगार गोळा करणं हीच कामं, त्याचा चेक लहान आणि रांग लांब. प्रत्येकाने 'आपल्यांना' दिलं, प्रत्येकाने मनापासून दिलं, तरी दरी तशीच राहते. कुणी वाईट वागलं म्हणून नाही; पैसा एकाच भांड्यात फिरत राहतो म्हणून.

आयकर कायद्याने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केलाय. फक्त एका धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्था मात्र याला अपवाद. हा अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. दुबळ्याने आपल्यांसाठी एकत्र येणं आणि सबळाने आपल्यांपुरतं पाहणं, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या नाहीत, हे कायद्यालाही कळलंय.

मग समाजाचे ट्रस्ट बंद करायचे का? मुळीच नाही. १८९६ चा अनुभव सांगतो की 'सर्वांसाठी खुलं' एवढी पाटी लावून भागत नाही. समाजाच्या नावावर माणूस जितक्या सहज खिशात हात घालतो, तितका 'मानवते'च्या नावावर घालत नाही. ते नातं मोडू नये. पण आपल्या भांड्याला एक तोटी बाहेरच्या बाजूला लावता येते. त्याचंही उदाहरण जिल्ह्यातच आहे. मे २०२० मध्ये कोविडचा कहर वाढत असताना इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानच्या दानातून सुमारे ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ईदच्या सुमारास त्याचं ऑनलाइन लोकार्पण केलं. सरकारी दवाखान्यातल्या त्या खाटेवर कोण झोपणार, हे देणाऱ्यांना माहीत नव्हतं.

माझं मत विचाराल तर समाजाच्या प्रत्येक शिष्यवृत्ती निधीने दहातल्या दोन जागा बाहेरच्यांसाठी राखाव्यात. त्याही 'खुल्या' म्हणून सोडून देऊ नयेत. पालावरची, तांड्यावरची, वीटभट्टीवरची मुलं शोधून, जाऊन द्याव्यात. आठ जागा आपल्यांकडे राहतातच की.

तोपर्यंत, पुढच्या वेळी समाजाच्या ग्रुपवर क्यूआर कोड आला तर स्कॅन करण्याआधी तीन गोष्टी विचारा. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक काय? गेल्या वर्षीचा हिशेब कुठे बघायला मिळेल? आणि गेल्या तीन वर्षांत आपल्या समाजाबाहेरच्या किती मुलांना मदत दिली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अॅडमिन लगेच देईल.