डोपामिनचा उपास

परवा शनिवारी भाचीचं गाइड घ्यायला बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. तिथे पुस्तकांच्या ढिगात 'डोपामिन डिटॉक्स' छापाचा माल दिसला. आमच्या हापिसातही सध्या हेच खूळ आहे. रविवारभर फोन नाही, गोड नाही, गाणी नाहीत, सोमवारी साहेब जाहीर करतात, "डोपामिन साफ!"

च्यायला, डोपामिन म्हणजे काय पोटातला गॅस आहे, लंघन केलं की साफ व्हायला?

खरा डिटॉक्स झालाय मंडळी, १९५७ साली स्वीडनमध्ये, सशांवर! औषधाचं मूळ मात्र आपल्याकडचं, सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. तिच्यातून १९५२ साली रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. अर्विड कार्लसननी ते सशांना दिलं. त्याने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा होतो, हे पुढे कळलं. ससे एकाग्र झाले का? छे! जागच्या जागी थिजले. एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हलायला लागले. या कामासाठी कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

असं का होतं? मेंदूतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात एकाच डोपामिनला दोन रिसेप्टर उलटी उत्तरं देतात. डी-१ मुळे पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढतं आणि जागी होऊ घातलेली पेशी अजून सहज फायर होते. डी-२ मुळे ते घटतं, पेशी मंदावते. डी-१ वाल्या पेशी 'हल' म्हणणाऱ्या, डी-२ वाल्या 'थांब' म्हणणाऱ्या. म्हणजे डोपामिन एकीला जोर देतं, दुसरीला लगाम घालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते नुसता मजेचा डेटा नव्हे. पेशीचा थ्रेशोल्ड ठरवणारं सेटिंग आहे.

माझ्या मामांना पार्किन्सन्स आहे. डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात. गोळीचा असर उतरला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय चिकटतात. मध्यंतरी एक हितचिंतक त्यांना म्हणाले, "जरा इच्छाशक्ती वाढवा." डोपामिन म्हणजे मनाचे चोचले, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस असंच बोलणार.

फोन बाजूला ठेवा की, कोण नको म्हणतंय? चांगलंच आहे. पण त्याला सवय मोडणं म्हणा. ज्याच्यावाचून माणसाला उंबरा ओलांडता येत नाही, त्याला विष ठरवू नका.

असो. गाइड मिळालं. दोनला मामांची गोळी असते, म्हणून लगेच निघालो.