इंदूरच्या आत्याकडे, रस्त्याने

मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून इंदूरला आत्याकडे निघालेलं कुटुंब पहाटेच गाडी काढतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. खानदेशातलं दुपारचं ऊन मुलांना सोसत नाही. रस्ता जुनाच, मुंबई-आग्र्याचा. मालेगाव, धुळे पटकन मागे पडतात. खरी गंमत शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडल्यावर. पळासनेर सुटतं, राज्य बदलतं, सातपुड्यातला बिजासन घाट लागतो आणि देवीच्या देवळापाशी गाड्या थांबतात. पुढे सेंधवा, मग खलघाटला नर्मदेचा विस्तीर्ण पूल, आणि त्यानंतर विंध्य चढून माळव्याचं पठार. दोन पश्चिमवाहिनी नद्या आणि दोन पर्वतरांगा एका दिवसात! असा भूगोल रात्रीच्या स्लीपर बसमध्ये झोपलेल्या पोरांना कसा भेटणार? शिवाय हा होळकरांचा मुलूख. चांदवडला त्यांचा रंगमहाल आहे. धामनोदहून थोडी वाट वाकडी केली की महेश्वर, जिथून अहिल्याबाईंनी राज्य केलं आणि जिथे १७९५ साली त्यांचं निधन झालं. माळव्यातली कितीतरी मराठी घराणी शिंदे, होळकर, पवारांच्या काळापासून तिथे नांदताहेत. तो इतिहास मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून महेश्वरला तासभर तरी काढायलाच हवा. इंदूरला पोचल्यावर मात्र मुलांना लवकर झोपवू नये. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचे ठेले लागतात. आत्येभावंडांनी हाताला धरून न्यावं आणि गरमागरम भुट्ट्याचा कीस आधी पाहुण्यांना द्यावा.