यंत्राने आधी थांबायला शिकावे

साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे आजाराच्या प्रारंभिक अवस्थेत सोबत करणारा बोलका यंत्रमानव घडवताना समोर ठेवावी ती गावातली, बोलीत बोलणारी आजी.

आवाजावर चालणारी बहुतेक यंत्रे क्षणभराची शांतता म्हणजे वाक्याचा शेवट मानतात. या आजारात मात्र नेमका शब्द आठवायलाच वेळ लागतो. यंत्र मध्येच बोलू लागले, तर ओठांवर आलेला शब्द निसटतो आणि ‘आपल्याला आता बोलताही येत नाही’ ही खंत बळावते. म्हणून चटकन उत्तर देणे हा येथे गुण नव्हे. वाट पाहणे हा गुण आहे.

दुसरी बाब भाषेची. हैदराबादेतील ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला होता. अशा माणसांच्या बोलण्यातील भाषांची सरमिसळ यंत्राने चूक समजू नये.

आणि घरातले कोणते बोलणे साठवावे, मुलांना काय कळवावे, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. प्रारंभिक अवस्थेत ती बहुधा स्वतः ठरवू शकते. पुढे विचारायला उशीर झालेला असेल.