प्रतिकारशक्ती वाढवावी की आवरावी?

प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी बरी, असे आपण सारेच समजतो. ती वाढवण्याचा दावा करणारी चूर्णे आणि गोळ्या बाजारात भरपूर मिळतात. पण विद्यार्थी मित्रांनो, ही समजूत अपुरी आहे, असे माझे मत आहे. अल्झायमरच्या रोगाचेच उदाहरण पाहा.

१९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीची हकिकत शास्त्रज्ञांपुढे मांडली. तिची स्मृती पन्नाशीतच ढासळली होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा चेतापेशींच्या बाहेर साचलेले साठे आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे त्यांना दिसले. हे साठे 'अमायलॉइड बीटा' या प्रथिनाचे असतात, हे पुढे समजले.

मेंदूतला असा कचरा 'मायक्रोग्लिया' नावाच्या पेशी उचलतात. त्या मेंदूच्या पहारेकरीच होत. त्यांच्या अंगावर 'ट्रेम-२' हे प्रथिन असते. कचरा कोठे आहे याची वर्दी ते पेशीला देते. या प्रथिनाच्या जनुकात एक विशिष्ट बदल असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो, असे २०१३ मध्ये आढळले. म्हणजे पहारा ढिला पडला तर धोका वाढतो.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या रक्तातील 'पूरक प्रथिने' जंतूंवर खूण करतात, मग भक्षक पेशी त्या जंतूंना गिळतात. 'सी-१-क्यू' आणि 'सी-३' ही पूरक प्रथिने मेंदूतही असतात. मेंदू वाढत असताना चेतापेशींमधील जादा जोडांवर ती खूण करतात आणि मायक्रोग्लिया ते जोड काढून टाकतात. माळी फांद्या छाटतो, तसेच हे. पण २०१६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना उंदरांमध्ये वेगळेच दिसले. अमायलॉइडचे साठे होण्याआधीच ही छाटणी पुन्हा सुरू झाली होती आणि कामाचे जोड नाहीसे होत होते. ती प्रथिने रोखली, तेव्हा जोड वाचले!

मग पहारा वाढवावा की आवरावा? ट्रेम-२ ला चेतवणारे एक औषध रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांना देऊन पाहिले. त्याने रोगाची गती मंदावली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. मला वाटते, 'किती वाढवावे' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते प्रथिन, केव्हा आणि किती, असे विचारायला हवे.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण हसतो. पण हा रोग म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. आजोबा तोच प्रश्न वारंवार विचारू लागले, तर हसू नका आणि जाहिरातीतली बाटलीही आणू नका. प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर द्या आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायला घरच्यांना सांगा.