दार उघडले, वाट मात्र अडलेली

परदेशी पाहुण्यांविषयीच्या धोरणाचे यशापयश राजधानीत बहुधा दोन आकड्यांवर जोखले जाते. वर्षभरात किती जण आले आणि त्यांनी परकीय चलन किती आणले, एवढे कळले की अहवाल पूर्ण होतो. विमानतळाबाहेर पडल्यानंतर त्या पाहुण्याचे पुढे काय होते, याचा हिशेब कोणतेच खाते ठेवत नाही. व्हिसा गृह मंत्रालयाचा, तिकीट रेल्वेचे, मुक्कामाची नोंद पोलिसांची आणि स्वागताच्या जाहिराती पर्यटन मंत्रालयाच्या, अशी ही वाटणी आहे. चार खात्यांच्या मधल्या फटी महानगरात सहसा जाणवत नाहीत. त्या पाहायच्या असतील तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जावे.

तंजावर, कुंभकोणम, मायिलादुतुरै आणि तिरुवारूर यांच्या आसपासचा हा भाताचा मुलूख. बृहदीश्वराचे मंदिर १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम येथील मंदिरांची त्यात भर पडली. परंतु या प्रदेशाचे खरे आकर्षण त्याच्या खेड्यांत विखुरलेले आहे. त्यागराजांच्या समाधीपाशी दर वर्षी पौष वद्य पंचमीला होणारी आराधना तिरुवैयारुला, नृसिंह जयंतीच्या सुमारास होणारा भागवत मेळा मेलट्टूरला, पंचरशी मूर्तींचे ओतकाम स्वामिमलैला, रेशमाचे माग तिरुभुवनमला. साहजिकच येथे येणारा परदेशी माणूस चार दिवसांच्या ठरीव सहलीतला नसतो. तो एखाद्या गावी राहतो, गुरूपाशी बसतो, मुक्काम दोन दिवसांनी वाढवतो आणि रेल्वेने हिंडतो. नियमांची गाठ पडते ती अशाच माणसाशी.

दार उघडले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांच्या नागरिकांसाठी नऊ विमानतळांवर सुरू झालेली ऑनलाइन व्हिसाची सोय पुढे दीडशेहून अधिक देशांपर्यंत पोहोचली. तंजावरला सर्वांत जवळचे तिरुचिरापल्लीचे विमानतळही २०१५ मध्ये तीत सामील झाले. पर्यटक व्हिसावर संगीत, नृत्य, स्थानिक भाषा, हस्तकला यांचे अल्पकालीन, अनौपचारिक शिक्षण घेण्यासही नियमांनी मुभा दिली आहे. अट एवढीच की ते सहा महिन्यांहून अधिक नसावे आणि त्यातून पदवी वा पदविका मिळणारी नसावी. एखाद्या वृद्ध विदुषीकडे दोन महिने कीर्तने शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीला पूर्वी कोणत्या व्हिसावर यावे हेच कळत नसे. तो गोंधळ या तरतुदीने बराच निवळला.

अडचण सुरू होते ती दाराच्या आत. पहिली रेल्वेची. चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून त्रिभुज प्रदेशात येणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि सणासुदीला त्या भरलेल्या असतात. रेल्वेने परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस आधी आरक्षणाची सवलत दिली आहे. नोव्हेंबर २०२४ पासून इतरांची आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तेव्हाही ती सवलत कायम राहिली. ठरावीक गाड्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र कोटाही आहे. म्हणजे वर्षभर आधी सगळे ठरवणाऱ्याची सोय झाली. पण मेलट्टूरचा खेळ पाहून आणखी एक रात्र थांबणाऱ्याचे काय? जुलै २०२५ पासून रेल्वेच्या संकेतस्थळावरून तत्काळ तिकीट काढण्यास आधारची पडताळणी अनिवार्य झाली. खिडकीवरील तत्काळ तिकिटासाठीही मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची अट त्याच वर्षी जाहीर झाली. तिकिटांच्या काळ्या बाजाराला आळा घालणे हा या निर्णयांमागचा हेतू रास्तच होता. परंतु आधार मिळण्यासाठी परदेशी नागरिकाला आधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात वास्तव्य असावे लागते, तर ऑनलाइन पर्यटक व्हिसावर एका वर्षात कमाल १८० दिवस राहता येते. दोन नियमांमधल्या या दोन दिवसांत अख्खा पर्यटकवर्ग अडकून पडला आहे. न्यू जर्सीहून डिसेंबरच्या सुट्टीत येणारे आणि परदेशी पारपत्र बाळगणारे मराठी कुटुंबही त्यात आले.

नवी दिल्ली स्थानकावर परदेशी पर्यटकांसाठी स्वतंत्र आरक्षण कक्ष आहे. तो बंद झाला, दुसरीकडे हलवला, अशा थापा मारून पाहुण्यांना पहाडगंजकडे वळवणारे दलाल या पानाच्या वाचकांना अपरिचित नाहीत. तंजावर किंवा कुंभकोणमला तर असा कक्षच नाही. तेथील खिडकीवरचा कारकून मदत करू इच्छित असला, तरी त्याच्या संगणकावर कोणता कोटा दिसतो यावरच सारे अवलंबून राहते. जवळच्या गावी जायला साधे अनारक्षित तिकीट पुरते आणि त्यासाठी ओळखपत्रही लागत नाही. त्रिभुज प्रदेशात फिरणे त्यामुळे सोपे आहे. अवघड आहे ते तेथे पोहोचणे आणि तेथून वेळेवर परतणे.

दुसरी अडचण मुक्कामाची. परदेशी पाहुण्यास आसरा देणाऱ्या प्रत्येकाने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी, हा नियम जुना आहे. लॉजवाले त्याला आजवर ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे एकत्र केले आणि मुक्काम देणाऱ्यांबरोबरच शिक्षणसंस्था व रुग्णालयांवरही माहिती देण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली. चार जुन्या कायद्यांची गुंतागुंत संपली, हे चांगलेच झाले. परंतु जबाबदारीचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, तेही पाहावे लागेल. चेन्नईतील मोठ्या हॉटेलात या कामासाठी स्वतंत्र कर्मचारी असतो. खेड्यात दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या गृहिणीला पारपत्राचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, आगमनाची तारीख, मागचा व पुढचा पत्ता हे सारे संगणकावर भरावे लागते. चूक झाली तर पोलीस येतील, ही धास्ती वेगळीच. मग लहान लॉजवाला सोपा मार्ग धरतो आणि परदेशी माणसाला खोलीच नाकारतो. नियमात नकाराला कोठेही जागा नाही. व्यवहारात मात्र नियमपालनाची सर्वांत सोपी पद्धत नकार हीच ठरली आहे.

तिसरी अडचण थेट आपल्या घरची आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले दरबाराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत चालली आहेत. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखादा अभ्यासक या कामासाठी पुढे आला, तर त्याचे स्वागत व्हायला हवे. त्याच्याकडे बहुधा ओसीआय कार्ड, म्हणजे व्यवहारात आजन्म व्हिसा, असतो. परंतु मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार अशा कार्डधारकास ‘संशोधन’ करायचे असेल तर विशेष परवानगी घ्यावी लागते. मिशनरी कार्य, गिर्यारोहण आणि पत्रकारिता यांच्या पंक्तीत संशोधनही बसवले आहे. आपल्याच पूर्वजांची मोडी बखर वाचणे हे संशोधन की वाचन, हे ग्रंथपालाने ठरवायचे की पोलीस अधीक्षकाने? नियम त्यावर मौन बाळगतो. अशा मौनात सावध अधिकारी नेहमी ‘नाही’ म्हणतो, हे दिल्लीतील आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

यावर सुरक्षेचा मुद्दा पुढे येईल आणि तो क्षुल्लक नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली भारताच्या व्हिसावर अनेकदा येऊन गेला होता. २००९ मध्ये त्याला अमेरिकेत अटक झाली आणि त्या वर्षअखेरीस पर्यटक व्हिसावरील दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर असावे, असा नियम आला. त्याने शेजारच्या श्रीलंकेत चार दिवस जाऊन परतणारे प्रामाणिक प्रवासी हैराण झाले. २०१२ मध्ये काही देशांचे नागरिक वगळता तो मागे घ्यावा लागला. हेडलीने नाव बदलून नवे पारपत्र घेतले होते आणि व्हिसा देताना त्याची पार्श्वभूमी तपासण्यात त्रुटी राहिली. म्हणजे उणीव दारावरच्या तपासणीत होती आणि शिक्षा वाटेवरच्या प्रवाशांना झाली. दारावर कठोर तपासणी जरूर हवी. ती एकदा नीट झाल्यावर तोच माणूस पुन्हा तिकिटाच्या खिडकीवर आणि लॉजच्या पायरीवर संशयित ठरवण्याने सुरक्षेत कोणती भर पडते?

परक्या वाटसरूला कसे वागवावे, याचा एक धडा तंजावरच्याच मराठी राज्यात आहे. काशीकडून रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर भोसले राजांनी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, उभारल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि छत्रांचे उत्पन्नही जाते की काय, असे दिसू लागले. तेव्हा १८०१ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांची रीत समजावून सांगितली. ब्राह्मणापासून परियापर्यंत सर्वांना, जोगी-जंगमांनाही तेथे अन्न मिळे. शिजवलेले न खाणाऱ्यास शिधा दिला जाई. आजारी पडलेल्यावर उपचार होत, वाटेत मरण पावलेल्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातिधर्माप्रमाणे केले जात. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याला बोलावून जेवू घातले जाई. राज्य हातचे गेलेला राजा कंपनीपाशी मागणे मागतो ते अनोळखी वाटसरूंच्या जेवणाचे, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये.

अर्थात आजच्या काळात छत्रे पुन्हा उघडा, असे कोणी म्हणणार नाही. त्या व्यवस्थेतले तत्त्व मात्र आजही लागू पडते. वाटसरूला वाट माहीत नसते, भाषा कळत नसते. म्हणून राहिलेली उणीव भरून काढण्याची जबाबदारी यजमान राज्याची, असे त्या रीतीने मानले होते. आपल्या नियमांनी ती पाहुण्यावर आणि त्याला आसरा देणाऱ्या गरीब घरमालकावर ढकलली आहे.

हे बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. चार परिपत्रके पुरेशी आहेत. तत्काळ तिकिटासाठी आधारऐवजी पारपत्र व व्हिसाची पडताळणी रेल्वेने मान्य करावी. व्हिसाची माहिती सरकारपाशीच असते, ती तपासणे अवघड नाही. त्याच माहितीच्या आधारे मुक्कामाचा फॉर्म आपोआप भरला जावा, घरमालकाने तमिळमध्ये केवळ ‘पाहुणा आला, पाहुणा गेला’ एवढीच नोंद करावी आणि प्रामाणिक चुकीला पहिल्या वेळी समज देऊन सोडावे. सार्वजनिक ग्रंथालयातील वाचनाला ओसीआय कार्डधारकांसाठी विशेष परवानगीतून वगळावे. आणि आराधनेच्या काळात तरी तंजावर व कुंभकोणम स्थानकांवर परदेशी प्रवाशांसाठी एक खिडकी उघडावी. विवेकाने अपवाद करणे केंद्राला जमते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणीकृत श्रीलंकी तमिळ निर्वासितांना नव्या कायद्याच्या दंडातून दिलेल्या सवलतीने दाखवून दिले आहे.

या पानाचे बरेच वाचक स्वतः परमुलखात नोकरीला आलेले आहेत. पहिल्यांदा दिल्लीत उतरल्यावर भाड्याची खोली शोधताना ‘कुठले?’ या प्रश्नाला किती वेळा उत्तर द्यावे लागले, ते त्यांना आठवत असेल. त्यांच्यापैकी कोणी गृह मंत्रालयात, कोणी रेल भवनात बसतो. नियमाचा मसुदा टेबलावर येईल तेव्हा सुरक्षेचा रकाना भरून झाल्यावर, रात्री दहा वाजता कुंभकोणमच्या फलाटावर उतरलेला, तमिळ न येणारा माणूस या नियमाने कोठे झोपणार, एवढे विचारून मगच त्यांनी सही करावी.