मार्लवाईची मास्तरशाळा

हल्ली शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न यंत्राचा असतो. वर्गात पडदा आहे काय, गुरुजींच्या हाती टॅब आहे काय, धडे मोबाईलवर येतात काय, ह्यावरून शाळेची प्रत ठरते. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ साली निघाले, आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही आता पुष्कळ अंशी पडद्यावर होते. ह्याला माझा विरोध नाही. तानपुऱ्याच्या जागी विजेची पेटी मीही लावतो, आणि तिच्यावर शिकलेली मुले बेसूर निघतात असे मला दिसलेले नाही. परंतु गणित शिकवणारा माणूस घडवावा कसा, हा प्रश्न यंत्राच्या आधीचा आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई नावाच्या गोंड वस्तीत एकदा सापडले होते. पुढे ते हरवले, आणि त्याची चुटपुट आपल्यापैकी फार थोड्यांना वाटली.

मार्लवाई आज कागदोपत्री आदिलाबादेत नाही. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले, त्यांतल्या आसिफाबाद जिल्ह्यात ती गेली. त्या जिल्ह्याला नाव आहे कुमरम भीमाचे. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची शेते काढून घेण्याचा सपाटा चालला होता. त्याविरुद्ध उठलेला हा पुरुष १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने पडला. गोळी घातल्यावर सरकारास विचार सुचला की, ही माणसे उठली का, हे कोणास तरी विचारावे. विचारण्यासाठी मिळाले क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ. हे मूळचे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध पेटले तेव्हा हिंदुस्थानात होते, आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून निजामाच्या राज्यात अडकून पडले होते. १९४१ पासून ते व त्यांच्या पत्नी बेटी मार्लवाईत कुडाच्या घरात राहू लागले. पुढे ते उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले, नंतर लंडनला गेले, त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली. परंतु त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला मोठे वाटते ते काम १९४३ सालचे, आणि ते पंडिताचे नसून मास्तरांच्या मास्तरचे आहे.

जमिनीचे पट्टे गोंडांना मिळावेत ही त्यांची पहिली खटपट. पण पट्टा मिळूनही तो वाचता आला नाही, सावकाराने मांडलेले व्याज ताडून पाहता आले नाही, तर जमीन पुन्हा जायचीच. म्हणजे शाळा हवी. शाळा काढायची तर शिक्षक कोठला? बाहेरचा मास्तर त्या रानात टिकेना, आणि टिकला तरी त्याची भाषा मुलांना कळेना. साक्षर गोंड मूठभर, आणि त्यांचीही साक्षरता म्हणजे थोडीबहुत मराठी. ह्या मूठभरांना घेऊन १९४३ साली मार्लवाईत शिक्षक तयार करणारी शाळा उघडली. मुलांच्या शाळा त्यानंतर. ह्या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत तयार झाली. गोंडीवरून मुले मराठीकडे आणि राज्याच्या उर्दूकडे न्यायची अशी ती योजना होती. त्या शाळेतून निघालेल्यांनी नुसत्या शाळा चालवल्या असे नाही. सरकारी खात्यांतल्या लहानसहान जागांवरही गोंड दिसू लागला तो ह्यांच्यामुळे.

ह्यात देवनागरी होती, मराठी होती, हे ऐकून आपल्या मंडळींची छाती थोडी फुगेल. फुगू द्यावी, पण बेताने. सेतुमाधवराव पगडींसारखा एखादाच अधिकारी, जो गोंडी आणि कोलामी शिकला, गोंडीचे व्याकरण लिहून बसला. एरवी गोंडाच्या कानावर मराठी पडली ती बहुधा बाजारातली, कर्जाची आणि कचेरीची. मार्लवाईत मराठीला मान मिळाला तो दुसऱ्या पायरीचा, आणि तोच योग्य होता.

मराठीची आणि गोंडीची खरी सोयरीक मला दिसते ती प्रधानांत. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. आदिलाबादचा प्रधान घरी मराठी बोलतो आणि यजमानाच्या दारी किकरी वाजवून त्याच्या कुळाची कथा गोंडीत गातो. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ह्या नात्याची ओळख करून द्यावी लागत नाही. यजमानाची वंशावळ पाठ, त्याचे देव पाठ, कोणत्या कुळाला किती देव हे पाठ. ह्या 'किती'पाशीच गणित सुरू होते.

गोंडांचे समाज आकड्यांवर उभे आहेत: चार भावांचा, पाच भावांचा, सहा भावांचा आणि सात भावांचा. सातवाल्यांची मुलगी सातवाल्यांत द्यायची नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला आपण कितीतले, मामा कितीतला आणि भावजय कितीतून आली हे ठाऊक असते. हे वर्गीकरण आहे, आणि चांगले सुबक आहे. आता संख्यांची नावे घ्या. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. सातपर्यंत घरची मोजणी; सात-आठाच्या पुढे गावोगाव मराठी-हिंदी आकडे मिसळलेले. असा मुलगा पहिलीत बसतो तेव्हा तो अडाणी नसतो. त्याची मोजणी एका ठिकाणी येऊन थांबलेली असते इतकेच. ते ठिकाण ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो तेथून पुढे पाऊल टाकवील. ज्याला ठाऊक नाही तो शंभरापर्यंतचा तक्ता भिंतीवर लावील आणि पोरगे मठ्ठ आहे असा शेरा मारून मोकळा होईल.

आपल्या अंकनामांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे एक गोष्ट सोसावी. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. तिचे मुंड, नालुंग हे तेलुगूच्या मूडु, नालुगु ह्यांचे उघड उघड भाऊबंद. शिवाय तेलुगूत सत्तावीस म्हणजे 'इरवै एडु', वीस आणि सात, जसे लिहायचे तसे बोलायचे. मराठी मूल लिहिताना आधी दोन लिहिते आणि बोलताना आधी सात म्हणते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी जोडवाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात विनोद झाले, वर्तमानपत्रांत मराठीच्या मरणाची भाकिते झाली. त्यामागे होत्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर. १९६४ साली मुंबई विद्यापीठाचे कुलपतींचे सुवर्णपदक घेऊन गणितात एम. ए. झालेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या ह्या बाई आयुष्याची पुष्कळ वर्षे लहान मुलांचे गणित सोपे करण्यात घालवीत होत्या. सत्तावीस हा शब्द त्यांनी खोडला नव्हता. त्याच्या शेजारी एक पायरी ठेवली होती. दक्षिणेकडच्या भाषांत ही पायरी उपजतच आहे हे त्या सांगत होत्या. २०२३ साली त्या गेल्या. माझा कान सांगतो की बावन्न, त्रेपन्न, चौपन्न ह्यांत जो नाद आहे तो 'पन्नास चार'मध्ये नाही. पण नादाचे सुख ज्याला येते त्याला. ज्याला अजून दशक कळलेला नाही त्याला आधी दशक द्यावा. आमच्याकडे तरी पहिल्या दिवशी कोण मींड शिकवतो?

गाण्याच्या शिकवणीत मी हे रोज पाहतो. शाळेत गणितात काठावर राहिलेली मुलगी तीनतालात तिहाई बसवते. समेपासून समेपर्यंत दोन्ही टोके धरून मात्रा सतरा. पाचाचा तुकडा तीनदा, मध्ये एकेका मात्रेचा दम दोनदा, की समेवर ठाक. तीनाचा तुकडा घेतला तर दम चारचा. हे समीकरणच आहे. ती ते टाळीवर सोडवते, कारण ताल तिच्या अंगात आधी होता आणि आकडा मागून आला. मार्लवाईचेच कनकराजू गुसाडी नाचाचे गुरू होते. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली ते निवर्तले. दिवाळीत मोरपिसांचे मुकुट चढवून नाचणाऱ्या त्या पोरांच्या पायांत जी मोजणी आहे, ती त्याच गावच्या शाळेत फळ्यावर कोणी मांडून पाहिली असेल काय?

तंत्र कामास येते ते ह्या बिंदूनंतर. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी ह्यांनी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे १९७० नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरात शिक्षकांबरोबर काम केले. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक, पण पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची समजूत वाढते, ह्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा त्याने चिकाटीने पाठपुरावा केला. मार्लवाई आणि खिरोदा ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोघांनीही आधी मुलाचे काय अडते ते पाहिले, एवढेच साम्य.

मार्लवाईचे पुढे काय झाले? १९५६ साली आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, तेलुगू माध्यम आले आणि गोंडी वाचनमाला मागे पडल्या. हैमेनडॉर्फ पुन्हा पुन्हा येत राहिले. आपल्या १९८२ च्या पुस्तकात त्यांनी ह्याची खंत मांडली आहे. बेटीबाई १९८७ साली गेल्या, ते १९९५ साली. ह्यात तेलुगूवाल्यांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. मग किनवट आणि राजुरा पाहा. हे आदिलाबादचेच तालुके त्या वेळी मराठी बाजूस आले. तेथे आपण गोंड मुलाला गोंडीतून मोजायला शिकवले काय? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. २००४ च्या सुमारास आंध्रात बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम निघाला, त्यात गोंडी व कोलामी होत्या. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही मातृभाषेचा पुरस्कार आहे. पुस्तके निघतात. परंतु शिक्षकाची नेमणूक करताना, किंवा त्याला प्रशिक्षणाला बसवताना, 'तुझ्या वर्गातली पोरे घरी कशी मोजतात ते म्हणून दाखव' असे त्याला कोणी विचारत नाही. गुंजाळा गावी सापडलेल्या गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, तिच्या स्वतःच्या अंकांसकट. म्हणजे यंत्राला ते अंक उमटवता येतात. मास्तरला?

महाराष्ट्र आणि तेलंगण ह्या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेली दहा-बारा गावे जिवती आणि केरामेरीच्या दरम्यान आहेत. तेथे शिधापत्रिकाही दोन-दोन आणि शाळाही दोन. एका शाळेत सत्तावीस, दुसरीत इरवै एडु. आपल्या शहरातल्या मराठी संस्थांना सीमेवरच्या मराठीची काळजी वाटते, ठराव होतात, निवेदने जातात. त्यांना माझी विनंती अशी की पुढचे निवेदन दोन्ही शाळांच्या गुरुजींना एकत्र बसवावे म्हणून द्यावे, आठ दिवस, मार्लवाईत. शिकवायला बाहेरचे तज्ज्ञ नकोत. किकरी वाजवणारा एखादा म्हातारा प्रधान आणि गावातली चार मुले पुरे आहेत.